‘मागेल त्याला काम’ आणि मनोरुग्ण

सांगली-मिरजेचा वैद्यकीय लौकिक सव्वाशे वर्षांहून जुना आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांनाही मिरजेची वाट सवयीची झाली. मनोविकारांपुरते बोलायचे तर राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही या जिल्ह्यात नाही. ठाणे आणि नागपूर दूरची. म्हणून येरवडा नाही तर रत्नागिरी, असा येथील कुटुंबांचा पूर्वापार शिरस्ता होता. आता या जुळ्या शहरांत मनोविकारतज्ज्ञ आहेत, खाटा आहेत, औषधेही मिळतात. बऱ्याच जणांना घाट उतरून जावे लागत नाही.

खरी अडचण उपचार लागू पडल्यानंतर सुरू होते. कानात ऐकू येणारे आवाज थांबतात, झोप लागू लागते, माणूस दोन वेळा नीट जेवतो. तीन-चार महिन्यांनी डॉक्टर सांगतात, “आता त्याला काहीतरी कामाला लावा.” हे वाक्य ऐकून घरचे बाहेर पडतात आणि तेथेच गाडी अडते. कामाला लावायचे म्हणजे कोठे, कोणाला विचारून, काय सांगून? डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्यांत औषधाची मात्रा ठरते, नोकरी शोधता येत नाही. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राला नोकऱ्यांची माहिती असते, आजाराची नसते. कुटुंबाला आजार ठाऊक असतो. पण तो लपवण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते. परिणामी पंचविशीतला तरुण औषधाने स्थिर होऊन घराच्या सोप्यात बसून राहतो आणि पुढची दहा वर्षे तेथेच बसलेला असतो. दवाखाना आणि कारखान्याचे फाटक यांच्यामधले अंतर चालून जाणे हे सरकारी वा खासगी कोणत्याही यंत्रणेतील कोणाचेच काम नाही. सांगलीत नाही, आणि महाराष्ट्रात अन्यत्रही फारसे नाही.

हे अंतर चालून जाणारा माणूस काही देशांत पगारावर नेमलेला असतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एक पद्धत बसवली. तिच्यातील ‘एम्प्लॉयमेंट स्पेशालिस्ट’ हा मनोविकार उपचार पथकाचाच सदस्य असतो. मराठीत त्याला रोजगार-साहाय्यक म्हणता येईल. तो डॉक्टर नसतो, समुपदेशकही नसतो. एका वेळी वीसच्या आसपास रुग्णांची जबाबदारी त्याच्याकडे असते. रुग्णाला कोणते काम आवडते, पूर्वी त्याने काय केले, सकाळी किती वाजता त्याचे डोके जागेवर येते, हे तो विचारतो आणि महिनाभराच्या आत त्याच्यासाठी मालकांच्या दारात उभा राहतो. काम मिळाले की त्याचा निरोप घेत नाही. पहिला आठवडा, पहिला पगार, मुकादमाशी पहिले भांडण, या सगळ्या वेळी तो हाताशी असतो.

या पद्धतीने एक जुनी समजूत उलटी केली. आधी प्रशिक्षण, मग सराव, मग तयारीची परीक्षा आणि अखेर जमलीच तर नोकरी, असा पुनर्वसनाचा क्रम जगभर रूढ होता. व्यवहारात माणसे प्रशिक्षणाच्याच पायरीवर अडकून राहत. बेकर-ड्रेक पद्धत म्हणते की, खरे काम आधी द्या आणि त्या कामावरच शिकवा. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगन आणि सोफिया या सहा युरोपीय शहरांत ३१२ रुग्णांवर तिची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. नव्या पद्धतीतील ५५ टक्के रुग्णांनी खुल्या बाजारात काही ना काही काम केले. जुन्या पद्धतीत हे प्रमाण २८ टक्के होते. लक्षात घ्यायला हवे ते असे की, ५५ म्हणजे शंभर नव्हे. आणि त्या ५५ जणांत काही दिवसच टिकलेलेही मोजले आहेत. तरीही फरक दुपटीचा आहे आणि त्यासाठी नवे औषध लागलेले नाही.

या पद्धतीचे पहिले तत्त्व असे की, ज्याला काम हवे आहे तो पात्र. आजार किती जुना, रुग्णालयात किती वेळा भरती, हे पाहून कोणाला गाळायचे नाही. सांगलीकरांना हे तत्त्व परके वाटायला नको. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपला प्रयोग केला तो याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील विसापूरला. ‘मागेल त्याला काम’ ही त्या योजनेची ओळख झाली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यालाही तिनेच वाट दाखवली. काम मागणाऱ्याची लायकी तपासण्याचा अधिकार शासनाने तेथे स्वतःहून सोडून दिला होता. मात्र ती योजना अंगमेहनतीची, टोपली-फावड्याची. काम मागायला येणारा आपल्या पायाने येईल आणि तोंडाने मागेल, हे तिचे गृहीतक होते. मनोविकाराच्या रुग्णाची नेमकी तीच ताकद आजाराने हिरावलेली असते. काम हवे असते. मागता येत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत ‘मागेल त्याला’ या शब्दांना अर्थ यायचा तर त्याच्या वतीने मागणारा कोणीतरी लागतो.

असा माणूस सांगली जिल्ह्यात नेमला गेला तर तो नक्की काय करील? येथे अमेरिकेचे पुस्तक फारसे उपयोगी पडत नाही. तेथील साहाय्यक दुकानांच्या साखळ्यांमध्ये अर्ज भरतो. येथे अर्जच नसतो. काम मिळते ते ओळखीने, मुकादमाच्या शब्दावर, पाहुण्याच्या फोनवर. त्यामुळे जिल्ह्यातील प्रत्येक धंद्याचा स्वभाव त्याला आधी समजून घ्यावा लागेल.

मार्केट यार्डातील हळदीचे उदाहरण घ्या. हमाली टोळीने चालते आणि मजुरी टोळीत वाटली जाते. एक गडी मंद चालला तर बाकीच्यांच्या वाटणीला तोटा येतो. त्यामुळे आडत दुकानदार तयार असला तरी टोळी नकार देते, आणि तिचे तसे चुकतही नाही. मनोविकारावरील कित्येक औषधांनी हालचाली संथ होतात. अशा रुग्णाला टोळीत घुसवण्यापेक्षा त्याच यार्डात पोती मोजणे, चिठ्ठ्या लावणे, नमुन्याच्या पुड्या बांधणे अशी एकट्याच्या गतीने होणारी कामे शोधणे शहाणपणाचे. तासगाव-कवठेमहांकाळ भागातील बेदाण्याच्या शेडवर हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि काही महिन्यांत आटोपतो. हंगामी काम हे एरवी मजुराचे दुर्दैव समजले जाते. पण दोन वर्षे घरात बसलेल्या माणसाला ‘नोकरी’ या शब्दाची धास्ती वाटते. तीन महिन्यांचे काम त्याला झेपेलसे वाटते, आणि ते संपले तर त्याला कोणी काढून टाकले असे म्हणता येत नाही.

मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहती आणि किर्लोस्करवाडी-पलूसचा पट्टा यांचा हिशेब वेगळा. तेथे पाळ्या असतात. रात्रपाळीला जादा पैसे मिळतात म्हणून घरचे खूश होतात. पण ज्याला उन्माद-नैराश्याचा, म्हणजे बायपोलर आजार आहे, त्याची झोप मोडली की उन्मादाचा झटका उलटण्याचा धोका असतो. अशा कामगाराला फक्त दिवसपाळी मिळवून देणे, एवढ्या एका गोष्टीवर त्याची नोकरी टिकेल की बुडेल हे ठरू शकते. याच आजारात लिथियम दिले जाते. ओतकामाच्या भट्टीजवळ आठ तास घाम गाळला आणि पाणी-मीठ पुरेसे पोटात गेले नाही, तर रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. कारखान्याच्या फोरमनला हे ठाऊक नसते आणि डॉक्टरला आपला रुग्ण भट्टीवर उभा आहे हे ठाऊक नसते. क्लोझापीन घेणाऱ्याला पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला आणि पुढेही ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. तेवढ्या खाड्यांनी रोजंदारीवरचा माणूस घरी बसतो. क्लोरप्रोमाझीन घेऊन उन्हात राबणाऱ्याची कातडी भाजते, म्हणून द्राक्षबागेत पाठवायचे तर टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा लागतो, किंवा डॉक्टरांशी बोलून औषध बदलावे लागते. काही औषधांनी हात थरथरतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारखान्यांत जवारी काढण्याचे काम थरथरत्या हाताचे नाही, पण भोपळे घासणे, रंगकाम, बांधाबांध यांना तो अटकाव येत नाही.

ही सारी माहिती कोणत्याही एका माणसाजवळ आज एकत्र नाही. रोजगार-साहाय्यकाचे कौशल्य म्हणायचे ते हेच. सकाळी सातच्या पाळीला येणारी पेंग ही आळस नसून रात्रीच्या गोळीचा अंमल आहे, हे तो मालकाला सांगतो, आणि ती गोळी दोन तास आधी देता येईल का हे डॉक्टरांना विचारतो. दोन्हीकडे त्याचे वजन असायला हवे. म्हणून त्याची जागा उपचार पथकात असावी, पुनर्वसनाच्या वेगळ्या खोलीत नव्हे, असा या पद्धतीचा आग्रह आहे.

मालकाला काय सांगायचे, हा यातील सर्वांत नाजूक भाग. मोठ्या शहरात आजार झाकून नोकरी करता येते. खानापूर-आटपाडीकडील गावात कोणाचा मुलगा ‘डोक्याच्या दवाखान्यात’ जातो हे पारावर सर्वांना माहीत असते. या भागातील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभरच्या शहरांत जातात. त्यांच्यापैकी कोणी परक्या मुलखात आजारी पडला आणि गावी परतला की, आठवडाभरात गावात चर्चा होते. मालकापासून लपवण्यासारखे येथे काही उरतच नाही. पण मालकाला जे माहीत असते ते ऐकीव आणि भडक असते. साहाय्यक रुग्णाची संमती घेऊन, तो म्हणेल तेवढेच सांगतो. रोगाचे नाव सांगण्यापेक्षा कामाशी संबंधित गोष्ट सांगणे बहुधा पुरते: याला गोंगाटात सूचना कळत नाहीत, एका वेळी एकच काम सांगा, महिन्यातून एक दिवस याला मिरजेला जावे लागते. संमती नसेल तर तो मालकाकडे जात नाही, पडद्यामागे राहून रुग्णालाच मुलाखतीसाठी तयार करतो.

मालकांची भीती सगळीच खोटी आहे असे मानणेही बरे नव्हे. मनोरुग्ण म्हणजे हिंसक, ही समजूत चुकीचीच आहे. उपचार सुरू असलेल्या रुग्णांच्या बाबतीत तर विशेष. पण आठ कामगारांच्या वर्कशॉपचा मालक वेगळ्याच गोष्टीला घाबरतो. ऐन मागणीच्या दिवसांत हा आला नाही तर? मशीनवर बोट गेले तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नांना उपदेशाचे उत्तर नसते. ‘अडचण आली तर या नंबरवर फोन करा, मी तासाभरात येतो’ हे उत्तर असते, आणि ते देणारा माणूस खरोखर यावा लागतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा दाखला येथे सुचतो. औंध संस्थानाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, तेथे भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली आणि त्यांना शेती दिली, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चा (१९५७) उगम तो. मनोरुग्ण आणि गुन्हेगार यांची तुलना करण्याचा अर्थातच प्रश्न नाही, तशी गल्लत समाज पुरेशी करतोच. मुद्दा एवढाच की, माणूस आधी विश्वासाला पात्र ठरेल आणि मग त्याला काम देऊ, असे न म्हणता काम देऊन विश्वास जोपासण्याचा प्रयोग या दुष्काळी माळावर कोणतेही परदेशी संशोधन हाती नसताना झाला होता, आणि तो चालला तो तेथे मुक्कामाला असणाऱ्या माणसांमुळे.

कायद्याचे काय? कायदा या रुग्णांच्या बाजूने आहे, किमान कागदावर. १९९५ च्या अपंग कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या यादीत घेतले. पण सरकारी नोकऱ्यांतील ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालीच्या अपंगत्वापुरतेच ठेवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरक्षण ४ टक्के केले आणि त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून दिला. एका टक्क्यात पाच भागीदार. नोकरीत असताना आजारी पडलेल्यांची स्थिती तुलनेने बरी आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकारी रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. मानसिक आजारामुळे घडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला, रुग्णालयात सक्तीने काम करून घेण्यास मनाई केली आणि स्वेच्छेने केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यायला सांगितले. पण हे सर्व ज्यांना हजेरीपट आहे त्यांच्यासाठी. बेदाण्याच्या शेडवर, यंत्रमागावर, उसाच्या फडात कलम २० दाखवून कोणाला काम मिळत नाही.

कायद्याच्या अंमलबजावणीत एक विचित्र गाठ आहे आणि तिच्यावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ होत नाही. मानसिक आजारामुळे आलेले अपंगत्व ‘आयडियाज’ या भारतीय मोजपट्टीने मोजतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. त्यांत आजाराच्या कालावधीचे एक ते चार गुण मिळवायचे. वीसपैकी आठ गुण झाले की अपंगत्व ४० टक्के धरले जाते, आणि ४० टक्क्यांच्या खाली आरक्षण वा बहुतेक सवलती नाहीत. आता एखादा रुग्ण काही महिने नेटाने कामावर गेला तर काय होते? ‘काम’ या रकान्यातील गुण उतरतात. लोकांत मिसळू लागल्याने ‘संबंध’ आणि ‘संवाद’ यांतीलही उतरतात. प्रमाणपत्राच्या फेरतपासणीत तो आठाच्या खाली जाऊ शकतो. म्हणजे ज्या दाखल्याच्या आधारे नोकरीचा हक्क मिळायचा, तो दाखला काम करता येऊ लागल्यावर धोक्यात येतो. दृष्टिहीन माणसाला नोकरी लागली म्हणून त्याचे अंधत्व कमी झाले असे कोणी धरत नाही. मनोविकारात मात्र काम करणे हाच बरे झाल्याचा पुरावा ठरतो, आणि मग पुढच्या झटक्याच्या वेळी हातात काहीच उरत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदानही उत्पन्नाच्या दाखल्याला बांधलेले. तुटपुंजे असले तरी ते दरमहा येते. बेभरवशाच्या रोजंदारीसाठी ते पणाला लावायला घरातील म्हातारी आई तयार होत नाही, आणि तिला दोष देता येत नाही. बेकर-ड्रेक पद्धतीत अशा अनुदानांचा हिशेब रुग्णाला आधीच समजावून सांगणे हे साहाय्यकाचे ठरलेले कर्तव्य आहे, ते याचसाठी.

काही कुटुंबे तर दाखल्याच्या वाटेलाच जात नाहीत. सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात मुलाचे प्रमाणपत्र काढले तर बहिणीचे लग्न अडेल, अशी भीती असते. ही भीती अनाठायी आहे असे सांगणाऱ्याने स्थळे पाहायला गेलेल्या एखाद्या मामाला विचारून पाहावे.

या क्षेत्रात महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ने ‘त्रिदल’ हा पुनर्वसनाचा उपक्रम चालवला. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅलगरी विद्यापीठात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागे त्यांचेच पाठबळ होते. स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत पोहोचला त्यात त्या चित्रपटाचा वाटा मोठा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचे काम करते, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर त्यात आहेत. रस्त्यावरील मनोरुग्णांना घरी पोहोचवणाऱ्या कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेच्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही कामे मोलाचीच. तथापि, पुनर्वसन म्हटले की आपल्याकडे एक ठराविक दृश्य डोळ्यांपुढे येते: लांबट टेबलाभोवती बसलेली माणसे, कागदी पिशव्या, मेणबत्त्या, दिवाळीच्या रंगवलेल्या पणत्या. दिवसभर एकटे बसण्यापेक्षा ते शतपटीने चांगले. पण पणती विकत घेणारा बहुधा दया विकत घेत असतो, आणि बनवणाऱ्याला ते कळते. ज्याने आयटीआयचा फिटर ट्रेड केला आहे त्याने वर्षानुवर्षे पाकिटे चिकटवावीत, यात त्याच्या आजारापेक्षा व्यवस्थेची अक्षमता अधिक दिसते.

शासनाच्या हाती यंत्रणा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्यातील जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा. त्याचा नमुना शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात घडला होता. या कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, नोंदणी सहायक अशी पदे आहेत. रोजगाराचे पद नाही. गरज किती, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी ०.८ टक्के लोक त्या वेळी गंभीर मनोविकाराने ग्रस्त आढळले. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवूनही, २०११ च्या जनगणनेतील सांगली जिल्ह्याच्या २८ लाख लोकसंख्येत प्रौढ १९ लाखांच्या आसपास धरले तर आकडा पंधरा हजारांच्या घरात जातो. प्रत्येकी वीस रुग्ण या हिशेबाने साहाय्यक नेमायचे तर शेकडो लागतील; ते होणार नाही आणि तशी गरजही नाही. सर्वांनाच नोकरी नको असते. कित्येक जण घरच्या शेतीत, दुकानात सामावलेले असतात. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेच्या दीर्घ पाहणीतही स्किझोफ्रेनियाचे बरेच पुरुष रुग्ण कामावर टिकून असल्याचे दिसले होते. घरची शेती हीच आपली सर्वांत मोठी पुनर्वसन संस्था होती, असे म्हणता येईल. तिचे तुकडे होत गेले तसतशी ती दुबळी झाली. तरीही सांगली आणि मिरज या दोन शहरांपुरते दोन साहाय्यक, तीन वर्षांसाठी, एवढ्यावर आरंभ करता येतो.

आक्षेप येतील. धडधाकट पदवीधरांना काम नाही, तेथे मनोरुग्णांचे काय घेऊन बसलात, हा पहिला. या तर्काने कोणत्याच अपंगाला कधीच काम मिळणार नाही. शिवाय या रुग्णांपैकी अनेक जण पदवीधरांनी नाकारलेल्या कामांसाठी माणसे शोधणाऱ्या मालकांना उपयोगी पडणारे आहेत. द्राक्षाच्या आणि उसाच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, ही तक्रार याच जिल्ह्यात दरवर्षी ऐकू येते. कामाच्या ताणाने आजार उलटेल, हा दुसरा आक्षेप बहुतेक वेळा खुद्द डॉक्टरांकडून येतो. तो गंभीर आहे. पण अशा चाचण्यांत कामावर गेलेल्यांची रुग्णालयात भरती वाढलेली आढळली नाही. पहिली नोकरी अनेकदा काही महिन्यांतच सुटते हे मात्र खरे. साहाय्यक ते अपयश मानत नाही. पाळी नको होती की मुकादम, हे शोधून दुसरीकडे जातो.

पैशाचा आक्षेप तिसरा. महाराष्ट्रातील पगारदारांकडून १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जातो, वर्षाला कमाल अडीच हजार रुपये. तो सुरू झाला तोच रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातील नोकरदाराने खेड्यातील बेकाराच्या कामाचा भार उचलावा, ही त्यामागची भूमिका होती. दोन पदांचा खर्च त्या करातून भागवण्यात तत्त्वाचा कोणताही अडसर नाही.

स्त्री-रुग्णांचा विचार या सर्व चर्चेत मागे पडतो. तिच्याकडून घरकामाची अपेक्षा आजारातही सुटत नाही, आणि ते जमू लागले की ती ‘बरी झाली’ असे घरानेच ठरवलेले असते. नवऱ्याने माहेरी आणून सोडलेल्या बाईला मात्र हातात चार पैसे असणे म्हणजे भावाच्या घरात ताट मागताना मान वर असणे. तिच्यासाठी सांगली जिल्ह्यात एक वाट तयार आहे. बेदाण्याची प्रतवारी बहुतांशी बायकाच करतात. त्या एका गल्लीतून, एका वाहनातून, घोळक्याने जातात. काम बसून करायचे असते, दाणा निवडायचा असतो, शेजारणीशी बोलले नाही तरी चालते. शेडमालकाला प्रत्येकीचे नावही माहीत नसते. त्याचा व्यवहार घोळका आणणाऱ्या बाईशी असतो. रोजगार-साहाय्यकाने मालकाला पटवण्याची गरजच नाही, त्या बाईला पटवावे लागेल: हिला शेजारी बसवा, दुपारच्या गोळीची आठवण करा, चार दिवस आली नाही तर तिचे नाव काढू नका. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि घोळके दिवाळीनंतर ठरू लागतात. तोपर्यंत कोणीतरी तासगावच्या त्या गल्ल्यांतून फिरून आलेले असायला हवे.